धडवाल्या काकांची खोली

चार रस्ते जिथे एकमेकांना येऊन भिडतात, त्या कोपऱ्यावर ती चार मजली इमारत शंभरेक वर्षं उभी होती. एका विमा कंपनीनं मोठ्या थाटात बांधलेली. पुढे कंपनी बुडाली आणि खोल्या एकेक करून भाड्यानं गेल्या. तळमजल्यावर चष्मेवाला, त्याच्या शेजारी बटणं आणि अस्तराच्या कापडाचा ठोक व्यापारी, पहिल्या मजल्यावर एकमेकांशी न बोलणारे दोन वकील, आणि दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या लांबलचक खोलीत, चिमीचा सख्खा काका.

काका शिंप्यांसाठी धडं बनवायचे. ज्यावर कपडा चढवून टाचण्या लावतात ते बिनमुंडक्याचे, बिनहाताचे पुतळे. नाटकवाल्यांना, लग्नाचे पोशाख शिवणाऱ्यांना, कुठल्याशा अवघड बांध्याच्या श्रीमंत बाईंच्या शिंप्याला, ज्याला जसं हवं तसं, माप घेऊन. साच्यावर तपकिरी कागदाचे तुकडे खळीनं चिकटवायचे, थरावर थर, मग आठवडाभर सुकवायचं, मधोमध चिरून साच्यावरून उतरवायचं, पुन्हा सांधायचं आणि वर सुती कापड ताणून बसवायचं. सगळा बाजार त्यांना धडवाले म्हणायचा. काकांनाही ते आवडायचं. "आपल्या घराण्यात धड काम करणारा मी एकटाच," हा त्यांचा विनोद चिमीनं हजार वेळा तरी ऐकला असेल, आणि हजार वेळा ते स्वतःच त्यावर आधी हसले असतील.

चिमी नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले. आई दिवसभर कामावर. थोरली ताई सहा वर्षांनी मोठी, पण तिचं तिचं शिक्षण. मग शाळा सुटली की चिमी सरळ काकांच्या खोलीत. तीन उंच खिडक्यांतून तिथे दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड यायचा. कापडाच्या ताग्यावर बसून तिनं पाढे पाठ केले, एका जाड्या पुतळ्याच्या पाठीवर वही टेकवून निबंध लिहिले. काकांनी लग्न केलं नाही. का नाही केलं, हे दोघी बहिणींना मोठेपणी न सांगता कळलं, आणि त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही.

तर अशा काकांना त्या खोलीतून चिमीनंच बाहेर काढलं.

जुन्या इमारती विकत घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि भाड्यानं द्यायच्या, असा धंदा करणाऱ्या कंपनीत ती सहा वर्षं होती. कोपऱ्यावरची इमारत आपल्या साहेबांनी घेतली हे तिला कळलं तेव्हा खरं तर तिला आनंद झाला होता. आपण आहोत, काकांचं नीट होईल, असंच तिच्या मनात आलं. पण तो आपला काका आहे हे तिनं कार्यालयात सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहून गेलं. भाडेकरूंशी बोलून खोल्या रिकाम्या करून घ्यायचं काम तिच्याकडे आलं, आणि मग सांगितलं तर ते काम काढून दुसऱ्या कुणाला देतील, ही भीती. हे काम फत्ते झालं तर सबंध इमारतीची व्यवस्थापक म्हणून तिचंच नाव पुढे येणार होतं.

तिनं ते फत्ते केलं. वकिलांना वेगवेगळ्या वेळी भेटली, व्यापाऱ्याला गोदाम शोधून दिलं, चष्मेवाल्याला समोरच्याच गल्लीत दुकान मिळवून दिलं. कुणी कोर्टात गेलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. उरले काका.

काका म्हणाले, हा उजेड मला दुसरीकडे कुठे मिळणार? दुरुस्ती करा खुशाल, मी धूळ सोसतो. चिमी साहेबांकडे गेली आणि विचारलं, दुसऱ्या मजल्यावरचे जुने कारागीर आहेत, काम झाल्यावर त्यांना त्यांची खोली परत देता येईल का. साहेब वाईट माणूस नव्हता. मवाळ होता, कुणालाही तोंडावर दुखवत नसे. कागदावरून नजर न काढता ते म्हणाले, "बघू."

साहेबांच्या 'बघू'चा अर्थ कार्यालयातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होता. चिमीलाही होता. पण त्याच संध्याकाळी ती काकांच्या खोलीत गेली, नेहमीच्या ताग्यावर बसली आणि म्हणाली, "साहेब हो म्हणाले, काका. दीड वर्ष कळ काढा. मग हीच खोली, ह्याच खिडक्या."

काकांनी सही केली. परत येण्याबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हतं. काकांनी तो वाचला नाही. चिमीनं आणलेला कागद काय वाचायचा.

काका ताईच्या घरी राहायला गेले आणि सामान तिच्या घरामागच्या शेडमध्ये गेलं. ताईचा नवरा तिथे जुन्या गाडीचे सुटे भाग ठेवायचा, ते त्यानं बिचाऱ्यानं हलवून जागा करून दिली. पण शेड बसकी होती, पत्र्याची, आणि एकच खिडकी, तीही शेजाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून. काकांनी निम्मी खोकी सोडलीच नाहीत. परत न्यायचीच आहेत, मग कशाला पसारा, म्हणाले. त्या दमट जागेत कागद सुकेना. आठवड्याचं काम तीन आठवड्यांवर जाऊ लागलं, आणि एके दिवशी आत बुरशी धरलेली तीन धडं काकांनी मुकाट्यानं फोडून टाकली. त्यातलं एक नाटकवाल्यांचं होतं. त्यांनी मग दुसरीकडून बाहेरगावचं, यंत्रावर केलेलं धड आणवलं.

रविवारी चिमी ताईकडे जेवायला यायची. जेवणं झाली की काका विचारायचे, कुठवर आलं गं काम? दीड वर्ष होईपर्यंत खरी उत्तरं देता आली. जिना काढलाय, छत उघडलंय, मधल्या भिंती पाडल्यात. दीड वर्षानंतर मात्र ती बनवून सांगायला लागली. गिलावा ओला आहे. लिफ्टची परवानगी अडकलीय. खिडक्यांच्या काचा चुकीच्या मापाच्या आल्या. प्रत्येक रविवारी येताना वाटेत ती नवीन काहीतरी तयार करायची, आणि काका ते ऐकून मान डोलवायचे. एकदा काकांनीच तिची समजूत घातली. जुन्या इमारतीचं काम म्हणजे असंच असतं, म्हणाले, तू जिवाला लावून घेऊ नकोस.

इमारत मात्र कधीच तयार झाली होती, आणि देखणी झाली होती. आतला गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या होत्या, लाकडी तुळयांना तेल पाजलं होतं, विमा कंपनीचं कोरीव नाव दारावर पुन्हा उजळलं होतं. खोल्यांना काचेची दारं लावली होती. चित्रकार, जाहिरातवाले, घरांचे आराखडे काढणारे, अशांनाच जागा द्यायची असं साहेबांनी ठरवलं होतं, आणि चिमी एकेक गिऱ्हाईक फिरवून आणत होती. तिला ते काम फार छान जमायचं. जागा दाखवताना आधी गप्प राहायचं, माणसाला खिडकीपर्यंत जाऊ द्यायचं, आणि मगच बोलायचं.

दुसऱ्या मजल्यावरची उत्तरेची खोली तिनं सगळ्यांत शेवटी दाखवायला काढली. संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीला ती हवी होती. त्यांची मुख्य म्हणजे बारीक केस कापलेली, पायात कापडी बूट घातलेली, हसतमुख मुलगी होती. ती खिडकीशी गेली, तिथून छताकडे बघितलं आणि विचारलं, हे आकडे कसले?

धडं सुकायला टांगायचे लोखंडी आकडे होते ते. वास्तुरचनाकारानं शोभेसाठी मुद्दाम ठेवलेले. चिमीनं सांगितलं, इथे एक कारागीर शिंप्यांसाठी पुतळे बनवायचे. हातानं. कित्येक वर्षं. ती मुलगी हरखलीच. आता कुठे असतात ते?

"निवृत्त झाले," चिमी म्हणाली.

काकांची गोष्ट तिनं पहिल्यांदाच सांगितली होती आणि ती खपली होती. त्या दिवशी घरी जाताना ती ठरलेल्या थांब्याच्या पुढे दोन थांबे गेली आणि मग चालत मागे आली.

लोकांनी इमारत आतून बघून जावी म्हणून साहेबांनी एका शनिवारी दुपारी दारं सगळ्यांना उघडी ठेवायचं ठरवलं. समोरच्या भिंतीवर मोठा फलक लागला. आपण लावून घेतोय तो फलक समोरच्या गल्लीतल्या चष्मेवाल्याच्या दुकानासमोरच येतोय, हे चिमीच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं होतं. तिनं ते बाजूला सारलं, इतकंच.

शनिवारी तीनच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावर साहेब, ती खेळवाली मुलगी आणि चिमी उभे होते. करार टेबलावर होता. मुलीचा वकील पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदा नजर टाकत होता. तेवढ्यात काचेचं दार ढकलून काका आत आले.

त्यांनी कोट घातला होता. एरवी कुणाच्या लग्नाकार्यालाच निघणारा तो करडा कोट. दाढी नुकतीच केलेली. आत आल्यावर त्यांनी कुणाकडे बघायच्या आधी खिडक्यांकडे बघितलं.

"वा," ते म्हणाले. "उजेड तसाच राहिलाय की."

मग खिशातून मापाची टेप काढून ते मधल्या खिडकीखाली वाकले आणि भिंतीपासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजू लागले. त्यांचं मोठं टेबल तिथे असायचं. चिमीला त्यांची पाठ दिसत होती, आणि कोटाच्या पाठीवरची घडी दिसत होती, कुणीतरी घाईघाईनं इस्त्री केल्यासारखी. ताईनं केली असणार. म्हणजे ताईलाही सांगून आले होते.

साहेबांनी चिमीकडे बघून हळूच विचारलं, "हे कोण?"

तिला वेळ मिळाला नाही असं तिनं पुढे स्वतःला खूपदा सांगून पाहिलं. पण वेळ होता. साहेब उत्तराची वाट बघत होते, कुणी तिच्यावर ओरडत नव्हतं, वकीलसुद्धा पान उलटायचा थांबला होता.

"जुने भाडेकरू आहेत," ती म्हणाली. "पूर्वी इथे असायचे."

काका वळले. टेपचं बटण त्यांच्या अंगठ्याखाली होतं, ते सुटलं आणि पट्टी सरसरत आत गेली. त्यांनी चिमीकडे बघितलं, मग टेबलावरच्या कागदांकडे, मग पुन्हा चिमीकडे. रागानं नाही. एखादा हिशोब दुसऱ्यांदा करून बघावा तसं.

"हो," ते साहेबांना म्हणाले. "जुना भाडेकरू. म्हटलं, उघडलंय तर बघून यावं."

खेळवाली मुलगी पुढे आली. तुम्हीच का ते पुतळेवाले, म्हणाली, आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. काकांनी एकेकाचं उत्तर दिलं. आकडे कशासाठी, किती वजन पेलतात, कागद कुठला लागतो, सगळं. वागायला ते चुकले नाहीत. डावीकडच्या खिडकीचं तावदान वारा सुटला की वाजतं, कागदाची घडी घालून ठेवत जा, असंही त्यांनी तिला सांगितलं. साहेब हसून म्हणाले की आता खिडक्या नव्या बसवल्यात, वाजणार नाहीत. काका म्हणाले, हे बरं झालं. आणि सगळ्यांना नमस्कार करून ते निघाले. लिफ्ट समोर उभी होती, पण ते जिन्यानं गेले. किती तरी वेळ त्यांची पावलं ऐकू येत होती.

पाच मिनिटांत खाली पळत जाते, असं चिमीनं ठरवलं. मग सह्या झाल्या, मग किल्ल्या दिल्या, मग साहेबांनी सगळ्यांसाठी कॉफी मागवली. ती रस्त्यावर आली तेव्हा साडेचार वाजले होते.

ती तशीच ताईकडे गेली. ताईनं दार पुरतं उघडलं नाही. "काका झोपलेत," म्हणाली. दिवसाढवळ्या काका कधी झोपत नसत. पण चिमीला तेव्हा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं वाटलं. परतीच्या वाटेवर तिला त्याचीच जास्त लाज वाटली. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही ती जेवायला गेली नाही.

सोमवारी सकाळी तिनं साहेबांना सगळं सांगितलं. तो माणूस माझा काका आहे, त्यानं मला वाढवलंय, आणि परत जागा मिळेल असं मीच त्याला खोटं सांगून सही घेतली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही तेव्हा सांगितलं असतंत की ते तुमचे काका आहेत, तर मी 'बघू' म्हणालो नसतो. नाही म्हणालो असतो. म्हणजे तुम्हाला तरी खोटं बोलावं लागलं नसतं."

बरोबर होतं ते. साहेबांनी मग आपणहून सांगितलं, तळमजल्यावर जिन्यामागची खोली सायकली ठेवायला काढलीय, ती हवी तर त्यांना देऊ. नोकरीचं काय, असं चिमीनं विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. दोन महिन्यांनी ठरल्याप्रमाणे ती त्या इमारतीची व्यवस्थापक झाली. कुणीतरी आपल्याला रागवावं, काहीतरी काढून घ्यावं, असं तिला इतकं वाटत होतं, आणि सगळे अभिनंदन करत होते.

पण ते पुढचं. त्या सोमवारी जिन्यामागच्या खोलीचा निरोप घेऊन ती शेडवर गेली तर शेड रिकामी. खोकी नव्हती, साचे नव्हते. जमिनीवर खळीचे वाळलेले शिंतोडे तेवढे होते. ताई म्हणाली, मला विचारू नकोस, सांगू नको म्हणालेत. मग तिनं चिमीला स्वयंपाकघरात बसवलं, तिच्यापुढे चहा ठेवला, आणि तो ती प्यायला लागल्यावर म्हणाली, "इस्त्री करताना विचारलं मी त्यांना, कोट कशाला. म्हणाले, चिमीचे साहेब भेटतील, तिच्या काकानं गबाळ्यासारखं जाऊ नये."

चिमीनं कप खाली ठेवला. ताईनं तिला रडू दिलं, पाठीवर हात ठेवला नाही, आणि रडून झाल्यावर पत्ता दिला.

तीन रस्ते पलीकडे एका बेकरीच्या वरची खोली होती ती. काकांनी स्वतःच शोधली होती, रविवारी, पायी हिंडून. जिना अरुंद, खिडकी एकच आणि तीही पश्चिमेची. पण खालच्या भट्टीचं धुराडं भिंतीतून वर गेलं होतं, आणि ती भिंत चोवीस तास कोमट असायची. चिमी दारात पोचली तेव्हा काकांनी त्या भिंतीला शेडमधून आणलेली दोन अर्धवट सुकलेली धडं पाठ टेकवून उभी केली होती आणि ते तिसऱ्यावर कागद चिकटवत होते. खोक्यांतलं सामान सगळं सोडलेलं होतं.

त्यांनी तिला ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. ती आत जाऊन उभी राहिली आणि सगळं बोलली. मध्ये थांबली नाही, स्वतःच्या बाजूचं काही घातलं नाही. काका कागद लावत राहिले.

"म्हणजे ते बघू म्हणाले होते," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"आणि तू मला हो सांगितलंस."

"हो."

त्यांनी एक तुकडा खळीत बुडवला, निथळला, धडाच्या खांद्यावर बसवला आणि अंगठ्यानं कडा दाबत गेले.

"मी सगळ्यांना सांगत फिरलो गं," ते म्हणाले. "शिंप्यांना, चष्मेवाल्याला. पुतणीनं जागा धरून ठेवलीय माझ्यासाठी. दोन वर्षं सांगतोय. चष्मेवाला म्हणाला पण, अहो फलक लागलाय, भाड्यानं चाललंय सगळं. त्याला म्हटलं, तुला काय कळतंय."

चिमीला मान वर करवेना. "आणि शनिवारी मी..." तिनं सुरुवात केली.

"ते नको," काका म्हणाले.

जिन्यामागच्या खोलीचं तिनं सांगून टाकलं. ते म्हणाले, सायकली ठेवा तिथे, त्यांना उजेड लागत नाही. त्यात टोमणा होता की नाही ते तिला कळलं नाही. खालून पावाचा वास येत होता आणि कुणीतरी पत्र्याचे साचे आपटून रिकामे करत होतं.

भिंतीजवळचं पहिलं धड काकांनी बोटांनी वाजवून पाहिलं. वाळलं होतं. त्यांनी ते टेबलावर आणलं, चाकूला धार लावली, आणि मग चाकू हातात धरून थांबले. साच्यावरून धड चिरून काढताना दुसऱ्या बाजूनं कुणीतरी घट्ट धरून ठेवावं लागतं. जरा हललं की चीर वाकडी जाते आणि आठवड्याचं काम वाया. शेडमध्ये हे ताईचा नवरा करायचा. त्या आधी, दुसऱ्या मजल्यावर, समोरच्या खोलीतला कुणीतरी यायचा.

"धर," काका म्हणाले.

चिमीनं पर्स खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हातांनी ते कागदी खांदे धरले. काकांनी मानेपाशी चाकू टेकवला.

"हलू नकोस," ते म्हणाले, आणि कापायला लागले.